दोन लिव्हरची गाडी

थार म्हटलं की आता २०२० नंतरची रुंद, ऐटदार गाडी डोळ्यांपुढे येते. तिच्याआधीची थार वेगळी. ती ऑक्टोबर २०१० मध्ये आली आणि बीएस-६ चे नियम लागू होताना, २०२० मध्ये, थांबली. तिच्या सीआरडीई प्रकाराची लांबी ३,९२० मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. व्हीलबेस २,४३०. अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, मागच्या चाकांना पाटे, वर कापडी हूड, मागे समोरासमोर दोन बाकं आणि ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी दोन लिव्हर: एक गिअरचा, दुसरा फोर बाय फोरचा.

माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, यातली २०१२ ची गाडी आहे. देवरुखच्या वरच्या अंगाला सड्यावर आमची हापूसची कलमं आहेत आणि तिथलं सगळं दादाच बघतो. माझी मुलगी सई पुण्यात गाड्यांच्या ब्रेकच्या आणि स्थिरतेच्या चाचण्यांचं काम करते. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पुरी होणार. तेव्हा ती ठेवायची की काढायची, यावर दोघांचं चांगलंच वाजलं. मी मध्ये फारसं बोललो नाही, पण बोलणं लिहून ठेवलं. चढावर गाडी चालवणाऱ्याला जे कळतं आणि ट्रॅकवर गाडी तपासणाऱ्याला जे कळतं, ते एका बैठकीत ऐकायला सहसा मिळत नाही.

सई: काका, पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी करावी लागेल. फिटनेस, पर्यावरण कर, सगळं आलं.

दादा: करू की. पाच वर्षं वाढवून मिळतात. दिल्लीसारखा डिझेलला दहा वर्षांचा नियम आपल्याकडे नाही.

सई: नियम आड येत नाही म्हणून ठेवायची, की ठेवण्यासारखी आहे म्हणून?

दादा: ठेवण्यासारखी आहे म्हणून. अगो, बागेचा चढ तू मे महिन्यात बघतेस. तेव्हा तिथून मोटारसायकलसुद्धा जाते. पण आंब्याची निम्मी कामं पावसातली. पाऊस लागला की खत, मग जुलै-ऑगस्टात कल्टार या औषधाची आळवणी. तेव्हा तोच चढ म्हणजे लाल चिखल, त्याखाली जांभ्याचे सुटे धोंडे आणि मध्ये पऱ्या. डोक्यावरून पोती वाहणारी माणसं आता मिळत नाहीत, आणि मिळाली तरी त्यांच्या डोक्यावर ती का द्यायची?

सई: म्हणजे फोर बाय फोर हवी. कबूल. पण हीच का?

दादा: इंजिन बघ हिचं. १०५ हॉर्सपॉवर हा काही मोठा आकडा नाही. पण टॉर्क २४७ न्यूटन मीटर, आणि तो १,८०० ते २,००० आरपीएमलाच हाती येतो. लो टाकला की ट्रान्सफर केस त्याला आणखी जवळजवळ अडीच पट करते. पहिला गिअर लोमध्ये टाकायचा, क्लच हळू सोडायचा आणि पाय बाजूला घ्यायचा. ॲक्सिलरेटर लागतच नाही. आयडलवर ती माणसाच्या चालीनं चढायला लागते. चिखलात गाडी अडकते ती जोर कमी पडल्यामुळे नव्हे, चाकाला झटका दिल्यामुळे. झटका दिला की चाक फिरतं, फिरलं की खणतं, आणि खणलं की बसलं.

सई: हे शंभर टक्के बरोबर. पण हे काम करायला आता दुसऱ्या गाड्या आहेत. जिम्नी बघा. शक्ती जवळपास एवढीच, लो रेंज आहे, सहा एअरबॅग आहेत.

दादा: टॉर्क किती तिचा?

सई: १३४.

दादा: कितीला?

सई: ४,००० आरपीएमला. ठाऊक आहे मला, निम्मा टॉर्क आणि तोही दुप्पट फेऱ्यांना. पण वजनही बघा. ती बाराशे किलोच्या आसपास आहे आणि आपली पावणेदोन टनांकडे झुकते. चिखलात पाचशे किलो कमी असणं हा किती मोठा फायदा आहे! शिवाय तिला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे. एक चाक धोंड्यावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. आपल्या थारला पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन. पुढचं चाक जेवढं लोंबायला हवं तेवढं लोंबत नाही, हवेत राहतं.

दादा: ते मात्र खरं आहे. तुझ्या आजोबांची, आबांची, एमएम ५४० जीप होती, तिला पुढेही अखंड एक्सल आणि पाटे होते. ती वाटेल तशी वाकडी होऊन जायची. हाडं खिळखिळी करायची, पण चाक जमिनीवर ठेवायची.

इथे जाणत्या वाचकासाठी थोडं थांबायला हवं, कारण या थारची खरी मर्यादा इथेच आहे. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, की दोन चाकांपैकी ज्याला विरोध कमी त्याच्याकडे फिरणं जातं. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरकी दोन चाकं मोकळी झाली, तर फोर बाय फोर असूनही ती दोनच चाकं गरगरतात आणि गाडी जागची हलत नाही. २०१५ च्या सुधारित थारला मागच्या एक्सलमध्ये आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल मिळालं. दादाच्या गाडीत ते नाही.

सई: मग त्या पऱ्याच्या कडेला तिरकी चाकं उचलली गेली की काय करता?

दादा: डाव्या पायानं ब्रेक किंचित दाबून धरायचा आणि उजव्यानं थोडं ॲक्सिलरेशन द्यायचं. मोकळ्या चाकाला ब्रेकचा विरोध मिळाला की दुसऱ्या चाकाकडेही जोर जातो. गाडी एक हात सरकते आणि सुटते.

सई: हेच काम आता गाडी स्वतः करते! नव्या थारमध्ये आणि जिम्नीमध्ये सेन्सर बघतो कुठलं चाक फिरतंय ते, आणि फक्त त्याच चाकाचा ब्रेक लावतो. तुमचा पाय चारही चाकांचा ब्रेक एकदम लावतो. यंत्राला चार पाय आहेत.

दादा: असतील. पण माझा पाय चढ बघून आधी लागतो. तुझं यंत्र चाक फिरल्यावर जागं होतं.

सई: काही मिलिसेकंदांत जागं होतं, काका. आणि तुमच्यानंतर जो कोणी ही गाडी चालवेल त्याचा पाय तुमचा नसेल.

मग बोलणं उताराकडे वळलं, आणि उतारावर दादा तिला सहज हार जाणारा नाही. दरवर्षी भर पावसात तो उतार उतरणं त्याच्याकडे असतं आणि मी त्याच्या शेजारी बसलेला आहे. माथ्यावर गाडी पूर्ण थांबवतो. क्लच दाबून दुसरा लिव्हर मागे ओढतो. कधी दात जुळत नाहीत, मग गाडी जराशी पुढे सरकू देतो आणि पुन्हा ओढतो. पॅनलवर खूण आली की पहिला गिअर, क्लच सोडायचा आणि दोन्ही पाय मोकळे. गाडी आपल्या गतीनं उतरते. इंजिनचा आवाज किंचित चढतो आणि तिथेच ठरतो. अशा वेळी नवख्याचा पाय न सांगता क्लचकडे जातो, आणि तीच सगळ्यांत वाईट चूक. क्लच दाबला की इंजिनची पकड सुटते आणि पावणेदोन टन लोखंड घसरगुंडीवर मोकळं होतं.

दादा: ब्रेक दाबला तरी तेच. या गाडीत एबीएस नाही. पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ गडग्यावर. इंजिनवर उतरलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधलेले असतात, रोध दोन्ही एक्सलना सारखा बसतो. तुझं हिल डिसेंट काय वेगळं करतं?

सई: ते प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा लावतं. पण लांब उतारावर लोमधल्या पहिल्या गिअरइतकं शांत दुसरं काही नाही, हे मीही मान्य करते. ब्रेक तापत नाहीत, आवाज नाही, धक्का नाही. नव्या गाड्यांतही लो रेंज ठेवलीय ती याचसाठी.

दादा: झालं तर!

सई: नाही झालं. तुम्ही मला फक्त चढ आणि उतार दाखवताय. ही गाडी चोवीस तास चढावर नसते.

सईचा हा मुद्दा मला या सगळ्या वादाचं मर्म वाटतो, आणि तो दुसऱ्या लिव्हरपासूनच समजून घ्यायला हवा. या थारमधली व्यवस्था पार्ट-टाइम आहे. म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, त्यांना जास्त फिरायचं असतं. फोर बाय फोर लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच गतीला बांधले जातात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक तिथेच मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि टायरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळताना अडते, लिव्हर निघता निघत नाही. जुने ड्रायव्हर मग रिव्हर्समध्ये दोन हात मागे घेतात. पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद निघतो. याचा अर्थ, डांबर लागलं की ही गाडी टू व्हीलवरच चालवायची. आणि टू व्हीलवरची दादाची थार म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी, मागे पाटे असलेली, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली, एबीएस आणि एअरबॅग नसलेली हलक्या बुडाची गाडी. चढावर भरवशाची असलेली ही गाडी ओल्या डांबरावर अगदी वेगळी असते. ती चालवणाऱ्या प्रत्येकानं हे मनाशी पक्कं बांधायला हवं.

सई: रिकाम्या गाडीत मागचे पाटे कडक असतात. ओल्या वळणावर एक खड्डा लागला की मागचं टोक उडतं. ते उडालं तेव्हा तुम्ही ब्रेकवर असलात तर मागची चाकं लॉक होतात आणि गाडी फिरते. याच्या चाचण्या मी बघते, काका. आंबा घाटात समोरून ट्रक असताना हे झालं तर तुमच्या पायाचं कसब काय करणार?

दादा: मी घाटात चाळीसच्या वर जात नाही.

सई: समोरचा जातो.

दादा: गाडी मजबूत आहे. खाली लॅडर चेसिस आहे, वाकत नाही.

सई: वाकत नाही हाच तर प्रश्न! धडकेत गाडीचा पुढचा भाग चुरगळायला हवा, ठरवून, टप्प्याटप्प्यानं. तेव्हाच माणूस थोडा सावकाश थांबतो. चेसिस वाकला नाही, की तो सगळा धक्का छातीवर येतो, आणि पुढे आहे स्टिअरिंग, एअरबॅग नाही. पट्टा तेवढा तुमचा. नव्या थारला नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार स्टार मिळाले, मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठीही चार. ती गाडी पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटची होती. तुमच्या बाकांवर बसलेल्याचं तोंड बाजूला असतं. गाडी समोर आदळली की तो आडवा फेकला जातो, मान आणि बरगड्या एकाच बाजूला.

दादा: नवी थार घेतली असती. पण ती बागेच्या या पाणंदीत जाते का बघ. दोन्ही बाजूंना गडगे आहेत. आपली १,७२६ मिलिमीटर रुंद आहे आणि नवी नऊ-दहा सेंटिमीटरनी तरी जास्त. आरसे मिटूनही ती वरच्या वळणावर घासेल. गडगा माझा एकट्याचा नाही, तो पाडून रस्ता रुंद करता येत नाही.

सई: म्हणून तर जिम्नी म्हटलं. १,६४५.

दादा: आणि तिच्या मागच्या भागात खताची पोती किती मावतील? इथे बाकं वर उचलली की मी आडवी-उभी रचून नेतो. भरल्यावर पाटे बसतात आणि गाडी उलट शहाण्यासारखी चालते. क्रेट भरून आंबे उतरवतो, एक फळ दबत नाही.

यावर सईकडे उत्तर नव्हतं. ट्रेलर हा पर्याय तिनं काढला, पण त्या वळणावर ट्रेलर मागे घेता येणार नाही हे तिलाही दिसत होतं.

दादा: शिवाय ही साधी गाडी आहे. देवरुखात दुरुस्त होते.

सई: साधी आजोबांची होती. तिचं प्युजोचं २.१ लिटरचं इंजिन, यांत्रिक पंप, स्पॅनर घेऊन कोणीही खोलायचा. तुमची सीआरडीई आहे. इंजेक्टर संगणकावर चालतात. डिझेलमध्ये पाणी आलं तर?

दादा: आलं होतं एकदा, एका पंपावरच्या डिझेलातून. तेव्हापासून पावसाळ्यात फिल्टरखालचा नळ सोडून मी पाणी काढत असतो. ते काम पाच मिनिटांचं. पण स्कॅनर लागला की रत्नागिरीला जावं लागतं, हे खोटं नाही. आणि काय गो, तुझ्या नव्या गाड्यांना स्कॅनर लागत नाही?

सई: लागतो. जास्तच लागतो. तो मुद्दा तुमचा.

धुराबद्दल दादा फारसं बोलत नाही. सईनं तोही काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं ते जून २०१२ मध्ये, आमची गाडी आली त्याच वर्षी. तेव्हाच्या आपल्याकडच्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर सहसा नसायचा. बीएस-६ बरोबर डिझेल स्वच्छ झालं, त्यातलं गंधक दशलक्षात १० भागांवर आलं, पण जुन्या गाडीच्या धुराड्यात जे नाही ते नाहीच. दादाचं म्हणणं, ही गाडी वर्षभरात जेवढी चालते त्यापेक्षा पुण्यातली टॅक्सी महिन्यात जास्त चालते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मला दादाचा हिशेब पुरेसा वाटत नाही. थंड इंजिन सकाळी वाड्यात सुरू करून ठेवायची त्याची जुनी सवय आहे आणि तो पहिला काळा धूर घरातल्याच माणसांच्या नाकात जातो. सुरू केली की लगेच हळू चालवत बाहेर काढावी, एवढं तरी त्याला आजच करता येईल.

सई: बरं, मी माझं म्हणणं सांगते. गाडी विकू नका. मी विकायला सांगायला आले होते, पण या पाणंदीला दुसरी गाडी मलाही सुचत नाही. पण तिला बागेची गाडी करा. देवरुख बाजार, बाग, घर. आंबा घाट नाही, हायवे नाही, रात्रीचं डांबर नाही. कोल्हापूरला जायचं तर एसटी आहे.

दादा: हायवे नाही हे चालेल. तिथं आता मलाही नको वाटतं.

सई: टायर बदला. वरच्या खाचा दिसताहेत म्हणून टायर चांगला असं नसतं. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. तुमच्या पुढच्या डाव्या टायरचं रबर तडकलंय.

दादा: बदलतो. पुढे?

सई: बाकांवर कोणी बसायचं नाही.

दादा: मुलांना मी बसवतच नाही. तुझ्या आत्याच्या नातवांनी किती हट्ट केला तरी नाही.

सई: मुलांचं नाही म्हणत मी. गड्यांचं म्हणतेय. आळवणीच्या दिवशी ते नेपाळी गडी आणि वाडीतल्या बायका, सगळे मागे बसून जातात ना?

दादा यावर पहिल्यांदा चिडला. मजूर काय, घरची माणसं काय, आपण फरक करत नाही, असं तो म्हणाला, आणि जेवणाच्या पंगतीला तो खरोखरच करत नाही. पण सईचा प्रश्न पंगतीचा नव्हता. फाट्यापासून चढाच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि त्यावरून चिऱ्यांचे भरलेले ट्रक धावतात. त्या पट्ट्यात पुढच्या दोघांना पट्टा आहे आणि मागच्यांना धरायला फक्त वरचा नळीचा दांडा. घरातल्या मुलांना ज्या बाकावर बसवायचं नाही असं आपण ठरवलं, त्याच बाकावर वाडीतल्या बाईला बसवताना आपल्याला काही वाटत नसेल, तर गाडीच्या सुरक्षिततेबद्दलचं आपलं सगळं बोलणं आपल्यापुरतंच आहे. इथे मी पूर्णपणे सईच्या बाजूचा आहे आणि तसं मी दादाला सांगितलंही.

दादा: मग त्यांनी यायचं कसं? पाऊस कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे.

सई: डांबरावर वडापनं. पैसे आपण द्यायचे.

दादा: ते देऊ. पण चढाचं काय? तिथे तरी बसू दे. मी पहिल्या लोमध्ये माणसाच्या चालीनं जातो, तूच ऐकलंस.

सई: माणसाच्या चालीनंच जायचं तर माणसं चालत येऊ देत, काका. पोती, कल्टारचे डबे, पाण्याची पिंपं आणि जेवणाचे डबे गाडीत. ज्याला चालवत नाही तो पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

दादा: आणि पऱ्याला पाणी असेल तेव्हा? कमरेएवढं येतं कधीकधी. चालत कसे ओलांडतील?

सई: कमरेएवढ्या पाण्यात तुम्ही गाडी घालता?

दादा: घालत नाही. अलीकडेच थांबतो, पाणी उतरेपर्यंत.

सई: मग तेही थांबतील.

दादा: बरं. पण या जुलैत आळवणीला तू ये. पुढच्या सीटवर नाही, त्यांच्याबरोबर मागून चालत. वर पोचल्यावर पुन्हा बोलू, साकव बांधायचा की काय ते.